टोळीची वही

आपल्या शिबिरांत सगळं होतं. अत्याचाराच्या केसेस होतात, शिष्यवृत्ती होते, राखीव जागा होतात, वंदना होते. व्हायलाच पाहिजे. पण दिवसाचे आठ-दहा तास आपला माणूस जिथं घाम गाळतो, तिथं त्याला कोण हाकतं, कसं हाकतं, आणि कोणी न हाकता तो काम करू शकतो की नाही, यावर एक भाषण मी आजवर ऐकलं नाही. मुकादम ओरडतो म्हणून काम होतं, असं आपल्यातल्या शिकलेल्यांनाही वाटतं. मला वाटत नाही. कारण मी जिनात वाढलो.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगावराजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव. घाटाखालची जमीन काळी, पीक कापसाचं. इंग्रजाला कापूस पाहिजे होता म्हणून मुंबई-नागपूर रेल्वे इथून गेली. जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा फाटा १८७० साली सुरू झाला, तोही कापसासाठीच. रेल्वेमागं जिन आले, प्रेस आले. गावकुसाबाहेरचा माणूस पहिल्यांदा पाटलाची चाकरी सोडून भोंग्यावर कामाला गेला तो इथं. गावकी सुटली, हे खरं. पण भोंगा म्हणजे काही मुक्ती नव्हती. शेजारच्या खानदेशातल्या जिनांत बाया पहाटेपासून रात्रीपर्यंत सोळा-सोळा तास राबतात, अशा साक्षी १८८४-८५ च्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढं झाल्या. पुढं कायदा झाला तरी जिनाला 'हंगामी कारखाना' म्हणून वेगळं काढलं. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास, अन् हंगामी कारखान्याला ६०. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ५४ चे ४८ झाले आणि हंगामीचे ६० चे ५० झाले. हंगामी-बारमाही हा भेदच १९४८ च्या कायद्यानं काढला. मजूर खात्यातले बाबासाहेब आपण भाषणात सांगतो ते मुंबईच्या गिरणीपुरते. आमच्या मायचे दहा तास त्यांनी वाचवले, हे कोणी सांगत नाही.

आता जिन कसा चालतो ते सांगतो.

कापसाच्या गाड्या येतात. काट्यावर वजन होतं. हमाल कापूस उतरवतात, गंजी लावतात. बाया कापूस निवडतात, कवडी बाजूला काढतात, अन् चरख्यावर कापूस टाकतात. चरख्याच्या रोळाला चामड्याच्या चकत्या असतात. ते चामडं धागा ओढतं, सरकी खाली पडते, रुई पुढं जाते. रुई प्रेसमध्ये जाते, तिची पावणेदोनशे किलोच्या आसपासची गाठ बांधतात. सरकीची पोती भरून गोदामात. साऱ्या गावाचं धोतर-लुगडं त्या चामड्यावरून जातं, कोणाचा धागा बाटत नाही. बाटतो तो माठ. त्यावर पुढं येतो.

या कामात मॅनेजरला काय येतं? हिशेब येतो. बाकी सगळं मजुराला येतं. कापूस ओला आहे हे माय मूठ दाबून सांगायची. रोळ झिजला हे चरख्याच्या आवाजावरून बाया ओळखायच्या, मेकॅनिक नंतर यायचा. गंजी कोणत्या बाजूनं फोडली म्हणजे अंगावर येत नाही, कापसात लोखंडाचा तुकडा गेला तर ठिणगी पडून अख्खा जिन पेटतो म्हणून कुठं हात फिरवायचा, हे बाला माहीत. बा जिनात हमाल होता. मॅट्रिक झाल्यावर मीही तीन हंगाम पोती वाहिली. जिनाचं नाव लिहीत नाही. नाव कोणतंही घाला, गोष्ट तीच राहील.

आमची टोळी अठरा जणांची. टोळीचे कायदे कुठं लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. किती पोती झाली ते टोळीच्या नावावर मांडायचं, एकेकाच्या नावावर नाही. आठवड्याला पैसा आला की सारखे वाटे. ज्याची पाठ गेली त्या म्हाताऱ्यानं पोत्याचं तोंड दाभणानं शिवायचं, गंजीवर उभं राहून गाडी लावून घ्यायची. वाटा पूर्ण. आजारी पडला तर आठ दिवस अर्धा वाटा घरी पोचवायचा. नवं पोरगं आलं तर पहिला महिना पाऊण वाटा. मुकादम टोळीतलाच, त्याला वाटा सगळ्यांएवढाच, वर दोन चहा. तो दिवाणजीच्या जास्तच जवळ जायला लागला तर दसऱ्याला, हंगाम सुरू व्हायच्या आधी, बदलायचा. दोनदा बदललेला मी पाहिला.

हे कोणत्या युनियननं शिकवलं नव्हतं. कॉम्रेड आमच्या जिनात कधी आला नाही. भुकेल्या माणसांनी एकमेकांना धरून राहायची ही रीत होती.

मला टोळीनं एक काम दिलं. लिहिता येतं म्हणून वही दिली. तोवर हिशेब फक्त दिवाणजीच्या चोपडीत असायचा. मी दोनशे पानी वहीत रोज संध्याकाळी पोती मांडायला लागलो. गाड्या किती, सरकी किती, गाठी किती. पहिल्याच आठवड्यात दिवाणजीची चोपडी अन् आमची वही यांच्यात चाळीस पोत्यांचा फरक निघाला. आम्ही चौघं वही घेऊन उभे राहिलो. दिवाणजीनं चष्मा काढला, घातला, चाळीस पोत्यांचे पैसे दिले. म्हणाला, "चूक झाली असन." चूक दरवर्षी होत असणार. पण ती पहिल्यांदा दिसली. 'शिका' या शब्दाचा अर्थ मला नोकरीच्या आधी तिथं कळला.

मॅनेजरनं वही मागितली. "तुम्ही कशाला त्रास घेता, आमच्याकडं आहेच की." टोळी नाही म्हणाली. मग पुढच्या हंगामात, १९७८ च्या दिवाळीनंतर, बिल्ले आले.

पितळेचे गोल बिल्ले. एक पोतं नेलं की गोदामाच्या दारावरचा माणूस एक बिल्ला द्यायचा. संध्याकाळी ज्याचे जेवढे बिल्ले, त्याला तेवढा पैसा, रोजच्या रोज. टोळी नाही, मुकादम नाही, वही नाही. मॅनेजर म्हणाला, यात न्याय आहे. जो जास्त करील तो जास्त नेईल.

ऐकायला बरं वाटतं. तरण्या पोरांना वाटलंही. दोन दिवस ती अक्षरशः पळाली. तिसऱ्या दिवशी एकाच्या कमरेत चमक भरली. म्हातारे बसून राहिले, कारण पोतं शिवण्याला बिल्ला नव्हता. गंजी लावण्यालाही नव्हता. म्हणजे जे काम केल्याशिवाय पोतं उचलताच येत नाही, त्याची किंमत शून्य. दारावर रेटारेटी व्हायला लागली. एकाच वस्तीतली माणसं एकमेकांचं पोतं ओढायला लागली.

पुढं वाचनात आलं, की ही युक्ती आमच्या मॅनेजरच्या डोक्यातली नव्हती. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनियर होता. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंड वाहणारे हमाल दिवसाला साडेबारा टन वाहायचे. टेलरनं एकेकाला वेगळं काढलं, कधी उचल, कधी बस, हे घड्याळावर ठरवून दिलं, अन् सत्तेचाळीस टन वाहून घेतले, असं त्यानं १९११ च्या पुस्तकात मोठ्या अभिमानानं लिहिलंय. मजुरी मात्र चौपट झाली नाही, साठ टक्क्यांनी वाढली. त्याचं सूत्र सरळ आहे: विचार करायचा तो ऑफिसनं, हात चालवायचे ते मजुरानं, अन् मजूर एकेकटा पाहिजे, घोळक्यात नको. जगभरच्या मॅनेजमेंटचा हा बाप माणूस. आपल्याला त्यात नवं काय? डोकं एकाचं अन् हात दुसऱ्याचे, ही वाटणी मनूनं फॅक्टरीशिवाय करून ठेवली होती.

टोळीनं काय केलं? भांडली नाही. वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर रात्री बसली. बा म्हणाला, "जो पयन त्यालेच भाकर भेटन, मंग म्हातारं मानूस काय मरन? उद्यापासून बिल्ले घ्या, कोनी काई बोलू नका." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बिल्ले घेतले. संध्याकाळी पैसे घेतले. अन् वस्तीत येऊन सगळे पैसे एका दुपट्ट्यावर ओतले. अठरा वाटे केले. वहीत मांडले. पोरं पळायची थांबली, कारण पळून एकट्याचं काही वाढत नव्हतं. म्हातारे परत दाभण घेऊन बसले. मॅनेजरच्या कागदावर बिल्ले चालू होते. आमच्यात टोळी चालू होती. असं सव्वा महिना चाललं.

मग त्याला कळलं. त्यानं सर्वात म्हाताऱ्या माणसाला फाटकातच अडवलं. "तुझे बिल्ले तर शून्य. उद्यापासून येऊ नको."

आता काम बंद करायचं, हे ठरलं. पण आमची एकटी टोळी बंद करून काय होणार? प्रेसवर दुसरी टोळी होती, तिचा दर जास्त. तीत कुणबी, मराठे, माळी, चार मुसलमान. आमच्यातला एकही नाही. आमच्या आज्याच्या काळापासून नाही. मालकानं कधी तसा नियम केला नव्हता, करायची गरजच नव्हती. त्या टोळीनंच केला होता. अन् फाटकापाशी दोन माठ होते. एक त्यांचा, एक आमचा.

मित्रांनो, इथं थांबून पाहा. मजूर आपला कारभार आपण करतो, हे ऐकलं की आपण टाळ्या वाजवतो. प्रेसची टोळीही आपला कारभार आपणच करत होती. तिनं आपल्या कारभारात आम्हाला दार बंद केलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत हेच होतं. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्याला मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. तो मोठ्या नाखुशीनं मागण्यांत गेला. मालकांनी उत्तर दिलं, की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालकाचं ते उत्तर खोटं नव्हतं, हेच त्यातलं दुखणं आहे.

अन् आमच्याच रेल्वे लाइनीवर, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो अन् गँगमन म्हणूनच मरतो, स्टेशनात हमालही होऊ शकत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं अन् मास्तरला विटाळ चालत नाही, हे त्यांनी तिथं उघड मांडलं. ब्राह्मणशाही अन् भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं सांगितलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपावर बंधन घालणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत एक दिवसाचा संप केला. म्हणजे ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याशी भांडूनच, पण एकत्र. ती वाट आम्हाला जिनाच्या फाटकापाशी चालून पाहावी लागली.

बा अन् दोघं तिघं प्रेसच्या टोळीकडं गेले. त्यांचा मुकादम म्हणाला, "आज तुमाले बिल्ले, उद्या आमाले. आमी बंद करतो." बा म्हणाला, "मंग आधी पानी पेऊ. तुमच्या माठातलं." बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या चार मुसलमानांतल्या एकानं गडवा बुडवला अन् बाच्या हातात दिला. चौघं-पाचजण उठून गेले. बाकीचे बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम बंद राहिलं. फाटकाबाहेर कापसाच्या चाळीसेक गाड्या उभ्या. शेतकरी शिव्या द्यायला लागले, आधी आम्हाला, मग मॅनेजरला. एकाधिकार खरेदीचा काळ होता, गाड्या अडल्या तर बोभाटा वरपर्यंत जायचा. दोन वाजता मॅनेजरनं निरोप धाडला. बिल्ले बंद. म्हातारा कामावर. वही चालेल.

जिंकलो, असं आम्हाला त्या रात्री वाटलं. माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुमी सारे एका माठातलं पानी पेले, लय चांगलं झालं. पन आमचा माठ कुठं हाये?" चरख्यावरच्या बायांना हमालाच्या निम्मीच मजुरी होती. १९७६ साली समान वेतनाचा कायदा होऊन गेला होता. आमच्या मागण्यांत बायांचा दर नव्हता, रात्रीच्या बैठकीला बाई नव्हती, अन् वहीत बायांचं पानच नव्हतं. आमच्या टोळीला भिंत होती, ती आतून दिसत नव्हती. मायनं मग चरख्यावरच्या बाया जमवल्या. त्यातल्या पुष्कळ जणी १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर अन् पाझर तलावावर होत्या. मोजमापाच्या वेळी साहेब चौकडीतले चार बोटं कसे खातो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वहीत आपलं पान मागितलं. मी घातलं. त्यांचा दर त्या हंगामात वाढला नाही, पुढच्या हंगामात थोडा वाढला. अन् त्याच पुढच्या हंगामात मालकानं दोन्ही टोळ्या एका ठेकेदाराला देऊन टाकल्या. मॅनेजर म्हणाला, आता आमचा संबंध नाही, ठेकेदाराशी बोला. बिल्ल्यांनी जे झालं नाही ते ठेक्यानं झालं. वही उरली, पण दाखवायची कोणाला?

ही गोष्ट आपल्या शौर्याची म्हणून सांगत नाही. तीत आपल्याला लागणारी चार-दोन हत्यारं आहेत म्हणून सांगतो.

एक, कायदा. १९४३ साली बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून मालकांवर युनियनला मान्यता द्यायचं बंधन घालणारं बिल आणलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर अन् त्यावर कामगार असलेल्या जागी मालक-कामगारांची कार्यसमिती नेमायची सोय आली, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. घटनेत १९७६ साली ४३-अ कलम आलं: कारखान्याच्या कारभारात कामगारांचा सहभाग. तुमच्या भागातल्या किती कारखान्यांत कार्यसमिती बसते, ते एकदा विचारून या. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात मालक, कामगार अन् सरकार यांचं मंडळ असतं. पैसा मंडळात भरायचा, मंडळानं कामगाराला द्यायचा, वर भविष्यनिर्वाह, बोनस, रजा. अन् टोळी ही त्या कारभारात धरलेली गोष्ट आहे. जी रीत आमच्या बानं दुपट्ट्यावर चालवली, तिला मुंबई-पुण्याच्या हमालांनी लढून कायद्यात नेलं. आपल्या बाजार समितीतला हमाल, मालधक्क्यावरचा हमाल नोंदलेला आहे का, हे पाहणं आपलं काम आहे.

दोन, मालकी. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज बंद पडली तेव्हा कामगारांनी ती स्वतः चालवायला मागितली. १९८८ साली सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली. काही वर्षं त्यांनी ती चालवून दाखवली, पुढं ती अडचणीत आली. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यात बहुतेक आपल्याच बाया, महार-मांगांच्या. पुढं त्यांनीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढली, अन् घरोघरचा कचरा उचलायचं काम ठेकेदाराशिवाय महापालिकेशी करार करून घेतलं. ज्या कामाला जातीनं आपल्याला जुंपलं, त्या कामाचा हिशेब अन् कारभार त्यांनी आपल्या हातात घेतला. काम सोडून द्यायचं, हे बाबासाहेबांचं सांगणं मी विसरत नाही. पण जी बाई आज त्या कामात आहे, तिनं उद्यापर्यंत मुकादमाच्या शिव्या खात राहावं असंही त्यांनी सांगितलेलं नाही.

तीन, बिल्ले गेलेले नाहीत. आता अंगठ्याचं मशीन आहे. मोबाइलवर दिवसाच्या फेऱ्या मोजतात. शहरात आपलं पोरगं मोटारसायकलवर पार्सल पोचवतं. त्याला मॅनेजर दिसत नाही, शेजारच्या पोराला किती मिळतात ते कळत नाही, अन् मोबाइल त्याला तेच सांगतो जे आमच्या मॅनेजरनं सांगितलं होतं: जो जास्त करील तो जास्त नेईल. एकेकट्याला पळवायचं तंत्र तेच आहे. त्याच्यावरचा उतारा अजून तरी एकच सापडलेला आहे. पैसे नाही तर निदान आकडे एका दुपट्ट्यावर ओतायचे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जिथं आपली दहा माणसं काम करतात, सफाईत, वीटभट्टीवर, जिनात, बांधकामावर, तिथं एक वही सुरू करा. लिहिता येणाऱ्यानं लिहावी, सगळ्यांना वाचून दाखवावी. काम किती झालं, पैसा किती आला, कोणाला काढलं, कोण पडलं. मुकादम कोणी नेमला ते लिहा. बायांचं पान पहिलं ठेवा. अन् टोळी कोणाकोणाला आत घेत नाही, तेही त्याच वहीत लिहा, मग ती टोळी त्यांची असो की आपली. मालकाच्या चोपडीशी ती जुळणार नाही. जुळत नाही तिथून बोलायला सुरुवात करायची.